आईबाबा पुण्यात, नोकरी व्हर्जिनियात: क्लिअरन्सबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मी अमेरिकन सिटिझन झालोय, कंपनी सिक्रेट क्लिअरन्ससाठी (अमेरिकन सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) स्पॉन्सर करतेय. आईबाबा आणि बहीण पुण्यात, रोज व्हिडिओ कॉल होतो. यावरून नाकारतील का?

नुसतं एवढ्यावरून नाही. 2017 पासून सगळ्या एजन्सींना एकच नियमावली आहे, 13 मुद्द्यांची, त्यातला 'बी' म्हणजे परदेशी प्रभाव. ते बघतात की उद्या आईबाबांना धरून तुमच्यावर कुणी दबाव आणू शकतं का. बाबा रिटायर्ड शिक्षक असतील तर एक गोष्ट, बहीण डीआरडीओत असेल तर प्रश्न वाढणार. सासूसासऱ्यांशीही तुमची माया आहे असं ते आधीच धरून चालतात, म्हणून "ती तर बायकोची माणसं" हे चालत नाही. आणि कॉल रोज होतो ना, मग क्लिअरन्सच्या फॉर्मवर, म्हणजे एसएफ-86 वर, रोजच लिहा, "अधूनमधून" लिहू नका, कळकळीने सांगतोय, कारण इन्व्हेस्टिगेटर समोर बसून तेच विचारतो आणि तिथे उत्तर बदललं की साधी गोष्ट लपवाछपवी होऊन बसते.

प्रश्न: गावच्या जमिनीवर माझं नाव आहे पण एक रुपया मिळत नाही. लिहायचं का?

हो, एसएफ-86 च्या सेक्शन 20ए मध्ये. मागे एक मुलगा माझ्याकडे सातबाऱ्याची प्रिंट घेऊन आला होता, नऊ नावं आणि आठवं त्याचं, वडील गेल्यावर काकांनी वारस नोंद करून घेतली होती आणि याला पत्ताच नाही! आम्ही त्याच्या हिश्श्याची अंदाजे किंमत काढली आणि शेजारी त्याचं इथलं घर, 401के (निवृत्तीसाठीची बचत) मांडलं. गावचा हिस्सा त्यापुढे किरकोळ होता, आणि बघायचं असतं ते हेच. तिकडची एनआरओ (अनिवासी भारतीयांची) खाती, एफडीही लिहा. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरलेला हवा, राहिला असेल तर कुणी विचारायच्या आधी सीपीएला (इथल्या सीएला) गाठा.

प्रश्न: बाबांच्या ऑपरेशनला पैसे पाठवले आणि इकडे क्रेडिट कार्ड थकलं.

मला पुण्याच्या नातेवाइकांपेक्षा याची जास्त काळजी वाटते. गेल्या 7 वर्षांत 120 दिवसांच्या वर काही थकलं होतं का, हे फॉर्म सरळ विचारतो. आजारपण हे कारण ते मानतात, पण त्यानंतर तुम्ही काय केलंत हे जास्त बघतात. बँकेला आजच फोन करा, हप्ते लावून घ्या, लहान असले तरी चालतील पण चुकवू नका आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. बाबांना पाठवलेले पैसेही 20ए मध्ये येतात, ते विसरू नका.

प्रश्न: ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) म्हणजे दुहेरी नागरिकत्व का?

नाही, भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही. पण कार्ड आहे हे सांगा.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टर आहे, स्टेटमेंट ऑफ रिझन्स (क्लिअरन्स का नाकारू शकतात ते आरोप सांगणारं पत्र) आलंय. संपलं का सगळं?

नाही हो! पत्र हातात पडल्यापासून 20 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, प्रत्येक आरोपापुढे मान्य की अमान्य ते लिहायचं, आणि जजसमोर बाजू मांडायची असेल तर सुनावणी हवी असं त्याच उत्तरात स्पष्ट मागायचं. पत्र आलं ती तारीख आत्ताच पाकिटावर लिहून ठेवा.