गाणारा-लिहिणारा कलाकार रेकॉर्ड प्रोड्यूसर कसा होतो?

तुमचा प्रश्न असा, की कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत) आणि पॉप गाणारा, स्वतः गाणी लिहिणारा कलाकार दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून देण्याकडे, म्हणजे प्रोड्यूसर होण्याकडे, कसा वळतो. अमेरिकन गायक, गीतकार आणि प्रोड्यूसर कीथ स्टेगॉलची कारकीर्द बघा, त्यात हा सगळा प्रवास सापडतो.

गायक म्हणून त्याची मजल मर्यादितच राहिली. १९८५ मधलं 'प्रिटी लेडी' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत दहावं आलं, त्याच्या वर तो कधी गेला नाही. लेखणी मात्र आधीच चालली होती. 'सेक्सी आइज' डॉक्टर हुक या बँडने गायलं (१९८०), 'वुई आर इन धिस लव्ह टुगेदर' गायक अल जॅरोने (१९८१). दोन्ही त्याने इतरांबरोबर लिहिलेली, आणि दोन्ही कंट्रीबाहेर गाजली.

लिहिण्यातून प्रोड्यूसर होण्याची वाट डेमोतून, म्हणजे गाण्याच्या नमुना-रेकॉर्डिंगमधून, जाते. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या अमेरिकेतल्या केंद्रात, गाणं कलाकारापर्यंत पोचवायचं तर आधी डेमो करावा लागतो. सत्र तीन तासांचं. वादक चाल तिथेच पहिल्यांदा ऐकतात आणि कागदावर नोटेशनऐवजी १, ४, ५ असे आकडे मांडतात. आपल्या सा, म, प सारखंच हे, फक्त आकडा म्हणजे त्या स्वरावरचा अख्खा कॉर्ड, एकत्र वाजणारे स्वर. काळी एकवरून काळी दोनवर गेलात तरी कागद तोच. कोणता वादक बोलवायचा, लय किती ठेवायची, स्टील गिटार कुठे थांबवायची हे गीतकार इथे ठरवायला शिकतो. प्रोड्यूसरचं कामही हेच.

घोटाळा होतो तो पट्टीत. डेमो गाणाऱ्याच्या सोयीच्या पट्टीत असतो आणि सगळ्यांचे कान तिलाच सरावतात. मग मूळ कलाकाराचा आवाज धृपदात ताणला जातो नाहीतर अंतऱ्यात बुडतो. म्हणून आधी धृपदातला सर्वांत वरचा स्वर त्याच्याकडून गाऊन घ्यावा, अर्धा-अर्धा स्वर वरखाली करून पट्टी नक्की करावी, मगच वादक बसवावेत. गायकाचा प्रोड्यूसर झालेल्यांची दुसरी चूक याहून वाईट: ते स्वतःच्या हरकती समोरच्याच्या गळ्यात घालतात.

स्टेगॉलने ते टाळलं, असं मला ठामपणे वाटतं. प्रोड्यूसर काइल लेनिंगबरोबर त्याने केलेलं कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिसचं 'ऑन द अदर हँड' १९८५ मध्ये ६७ व्या क्रमांकावर अडकलं. १९८६ मध्ये पुन्हा काढलं आणि पहिलं आलं. कंट्री गायक ॲलन जॅक्सनचा १९९० चा पहिला अल्बम त्याने स्कॉट हेंड्रिक्सबरोबर केला. पुढचे बहुतेक त्याच्याच हातचे. २००६ चा 'लाइक रेड ऑन अ रोझ' मात्र गायिका ॲलिसन क्राउसने केला. जॅक्सनचा साधा, सरळ आवाज स्टेगॉलने वाद्यांखाली कधी दडपला नाही. २००८ मध्ये झॅक ब्राउन बँडच्या 'द फाउंडेशन' या अल्बमवर तो सहप्रोड्यूसर होता.

लिहिणं त्याने सोडलं नाही, आणि त्याला पैशाचंही कारण आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार आणि प्रकाशकाला मिळतं. गायकाला किंवा प्रोड्यूसरला त्यातलं काही नाही. जॅक्सनच्या 'डोन्ट रॉक द ज्यूकबॉक्स'वर (१९९१) स्टेगॉलचं नाव गीतकारांतही आहे.