वरच्या ग्रेडची स्मारक नाणी

प्रश्न : चांदीची दुर्मीळ स्मारक नाणी एमएस-६५ (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेल्या नाण्यांची प्रत; कमाल ७०) किंवा वरच्या ग्रेडमध्ये जमवायची आहेत. ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीवरच्या आकड्यावर विसंबावं का? जवळच्या काही नाण्यांवर हिरवट, चिकट थर आलाय, तो कसा काढावा?

उत्तर : आकडा पाहा, पण घ्यायचं ते नाणं. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. चमकेचा पट्टा न तुटता गोल फिरला पाहिजे. मग चेहऱ्याचा गाल, केस असे उंच भाग ५ ते १० पट भिंगातून तपासा. तिथली चमक उडून रंग राखाडी झाला असेल तर ती झीज. भाग सपाट पण चमक शाबूत, तर ठसा कमी दाबाने उमटलाय. गालावरचा एक ओरखडा कडेजवळच्या चार ओरखड्यांपेक्षा ग्रेड जास्त खाली आणतो. कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली हे सांगणाऱ्या कंपन्यांच्या संख्या-तक्त्यांतही जपून. डबी फोडून पुन्हा पाठवलेलं नाणं दोनदा मोजलं जाऊ शकतं.

हिरवा थर बहुधा मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांचा. तो आम्लधर्मी असतो, चांदी खातो. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या (नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको), खिडकी उघडी, जवळ आग नाही. नाणं काही मिनिटं बुडवून ताज्या अ‍ॅसिटोनने धुवा, हवेतच वाळू द्या. पुसू नका! मऊ कापडानेही बारीक रेघा उठतात आणि त्या कायमच्या. नंतर मायलर (पीव्हीसी नसलेलं पॉलिएस्टर) पाकिटात ठेवा. खड्डे पडले असतील तर ते मात्र भरून येत नाहीत.