वाचनालयात पेटी-तबला

प्रश्न : आमच्या गावचं वाचनालय लहान आहे. यंदाच्या वर्धापनदिनाला एखाद्या नामवंत गायकाची मैफल ठेवावी, असा काही सदस्यांचा आग्रह आहे. मला मात्र वाटतं, गावातल्या मुलांना संगीत शिकता यावं. पणजीला क्लासला पाठवणं सगळ्यांना झेपत नाही. ज्येष्ठ वाचक म्हणतात, वाचनालयात गडबड नको. काय करावं?
— कार्यकारिणीतील एक सदस्य, डिचोली तालुका

उत्तर : मैफल जरूर करा, पण पुढच्या वर्षी. यंदा त्या पैशांतून एक पेटी आणि तबल्याची जोडी घ्या, आणि पुस्तकांसारखीच मुलांना घरी न्यायला द्या. टोरोंटोच्या सार्वजनिक वाचनालयाने 2016 मध्ये पार्कडेल शाखेतून गिटार, व्हायोलिन अशी वाद्यं सभासदांना द्यायला सुरुवात केली. आपल्याला का जमू नये?

मी गाणं शिकवते. चांगल्या गळ्याची मुलंसुद्धा गळतात, कारण घरी पेटी नाही. शिकलेला पलटा, म्हणजे सरावाची स्वररचना, घोटायची कशावर?

शिक्षक गावातच मिळेल. भजनी मंडळ नसलेला गाव गोव्यात सापडणं कठीण. तिथल्या पेटीवाल्याला मानाने बोलवा आणि मानधन द्या. 'आपलाच माणूस' म्हणून फुकट राबवू नका, याबाबतीत मी हट्टी आहे.

शिकण्याबरोबर ऐकणंही हवं. श्रवणाची बैठक रविवारी, वाचनाची वेळ संपल्यावर ठेवा, म्हणजे ज्येष्ठांनाही त्रास नाही. सुरुवात गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 आरपीएम (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्यांनी करा. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं, तेवढा वेळ मुलं छान बसतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे तीही चिंता नाही. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या या बाईंची भैरवी 1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, एवढंच मुलांना सांगा. भाषण नको, गाणं ऐकू द्या.

खरी काळजी पावसाळ्याची. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सूर उतरतो, पेटीच्या भात्याला बुरशी धरते. वाद्यांच्या कपाटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवा. पेटी परत आली की भाता भरून एकेक पट्टी दाबून बघा. कुठली अडकते, कुठली आपोआप वाजत राहते, ते वहीत लिहा. पुडी बदलण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढा. ती फुटली म्हणून मुलाच्या घरून दंड मात्र घेऊ नका.