वाचकांचे प्रश्न : एक कोट, अनेक खांदे

प्रश्न : 'टेल्स ऑफ मॅनहॅटन' हा 1942 चा चित्रपट नुकताच पाहिला. एकच कोट हातोहात फिरतो आणि प्रत्येक मालकाची वेगळी कथा आपण पाहतो, ही कल्पना आकर्षक आहे. तरीही पाहून झाल्यावर शंका उरली. कोट ही केवळ पटकथाकारांची सोय आहे काय? तो काढून टाकला तरी या कथा तशाच्या तशा उभ्या राहिल्या नसत्या काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि दुसऱ्या कथेपुरती ती खरीही आहे. विवाहाच्या दिवशी नियोजित वराच्या कोटाच्या खिशात दुसऱ्या स्त्रीचे पत्र सापडते, त्याला वाचवण्यासाठी मित्र तो कोट आपलाच असल्याचे सांगतो, आणि वधू त्या मित्राच्याच प्रेमात पडते. जिंजर रॉजर्स आणि हेन्री फोंडा यांनी हा प्रसंग गोड केला आहे. मात्र कोटाऐवजी हातपिशवी असती तरी त्यात फारसा फरक पडला नसता. इतर कथांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

हा कोट म्हणजे टेलकोट, मागे दोन लांब शेपटे असलेला आणि रात्रीच्या औपचारिक समारंभात घालायचा काळा कोट. तो ज्याच्या अंगावर असतो तो मनुष्य प्रतिष्ठित समाजातला आहे, असे पाहणारा गृहीत धरतो. दिग्दर्शक ज्यूलियाँ द्यूव्हिव्हिए आणि त्यांचे अनेक पटकथाकार यांनी या गृहीतकावरच संपूर्ण चित्रपट उभा केला. आरंभी कोट एका ख्यातनाम नटासाठी नवा शिवून येतो आणि कापड बेतणाऱ्या कारागिराने त्याला शाप दिल्याचे आपल्याला सांगितले जाते. तिथून तो एकेक पायरी खाली उतरत जातो. नट, श्रीमंतांचे घर, जुन्या कपड्यांचे दुकान, उपाहारगृहात पियानो वाजवणारा गरीब संगीतकार, निराधारांच्या आश्रयगृहातला माजी वकील, चोर आणि अखेरीस शेतमजुरांची वस्ती असा त्याचा मार्ग आहे. कोटाची किंमत घटत जाते, आणि त्याच प्रमाणात घालणाऱ्याची त्याच्याविषयीची गरज वाढत जाते. नटाला त्याची विशेष मातब्बरी नाही. संगीतकाराला मात्र तो नसेल तर मंचावर पाऊलही ठेवता येणार नाही. कथांचा क्रम उलटा लावून पाहिला तर हा परिणाम नाहीसा होतो, आणि म्हणूनच त्याला मी निव्वळ सोय मानत नाही.

चार्ल्स लॉटन यांची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. वर्षानुवर्षे उपेक्षित राहिलेल्या संगीतकाराला आपली रचना स्वतः संचालित करण्याची संधी मिळते. कार्यक्रमाला टेलकोट आवश्यक असतो, म्हणून पत्नी दुकानातून हा जुना कोट आणते. (ही पत्नी झालेल्या एल्सा लँचेस्टर प्रत्यक्षातही लॉटन यांच्या पत्नी होत्या.) कोट त्याच्या अंगाला तोकडा पडतो. वादन रंगात येते, हात उंचावतात, शिवण उसवत जाते आणि सभागृहात हशा सुरू होतो. लॉटन यांनी इथे जे केले आहे ते मी पुनःपुन्हा पाहत आलो आहे. संगीतात बुडालेल्या माणसाला हसू प्रथम ऐकूच येत नाही. मग ऐकू येते, पण कशाबद्दल ते उमगत नाही. आणि उमगल्यावर त्याचे थोराड शरीर आपल्या डोळ्यांदेखत आक्रसते. अखेरीस सभागृहात बसलेला ज्येष्ठ संगीत-संचालक उठून स्वतःचा कोट उतरवतो, आणि त्याचे पाहून इतर पुरुषही आपापले कोट उतरवतात. कोटावाचून हे दृश्य शक्यच नव्हते, कारण जे वस्त्र एका माणसाला हास्यास्पद करते तेच उतरवून इतरांना त्याच्या बरोबरीला यावे लागते.

एडवर्ड जी. रॉबिन्सन यांच्या कथेत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने येते. धुळीला मिळालेला वकील उधारीच्या कोटात महाविद्यालयीन सोबत्यांच्या स्नेहमेळाव्याला जातो आणि जुन्या मानाने मिरवू लागतो. एक पाकीट हरवल्याचे निमित्त होते, थट्टेथट्टेत खटला भरवला जातो आणि ती थट्टा पाहता पाहता खरी उलटतपासणी होऊन बसते. रॉबिन्सन यांनी इथे दिलेली कबुली ही माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील अभिनयाची सर्वोच्च जागा आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कोट स्वतः काही जाणत नाही, आधीच्या मालकाचे काही सांगत नाही. पण पहिल्या कथेतील बंदुकीची गोळी, संगीतसभेत उसवलेली शिवण, पुढे विमानात लागलेली आग हे सारे त्याच्यावर घडलेले आहे. पात्रांना एकमेकांविषयी काहीच ठाऊक नसते. हा इतिहास केवळ प्रेक्षकाला ठाऊक असतो, आणि अशा चित्रपटांचा खरा आनंद मला तिथेच सापडतो.

प्रश्न : शेवटच्या कथेतील कृष्णवर्णीय वस्तीचे चित्रण पाहताना अवघडल्यासारखे झाले. त्या काळी कोणी आक्षेप घेतला होता काय?

उत्तर : घेतला होता, आणि तो खुद्द त्या कथेतील प्रमुख नटानेच. आकाशातून पैशांनी भरलेला कोट खाली पडतो आणि पॉल रोबसन व एथेल वॉटर्स यांनी साकारलेले गरीब शेतकरी जोडपे तो पैसा वस्तीत वाटते, अशी ती कथा आहे. सामायिक जमीन आणि अवजारे घेण्याचा विचार तिच्यात येतो, आणि रोबसन यांच्यासारख्या समतावादी कलावंताला तोच भावला असावा, हे समजण्यासारखे आहे. पडद्यावर मात्र ही माणसे भाबडी, बालिश आणि सदैव देवाचा धावा करणारी अशीच दिसली. रोबसन यांनी चित्रपटावर जाहीर टीका केली, आणि त्यानंतर हॉलिवूडच्या कोणत्याही कथाचित्रपटात त्यांनी भूमिका केली नाही. ज्या चित्रपटाने आधीच्या मालकांना प्रत्येकी स्वतंत्र स्वभाव, स्वतंत्र लाज आणि स्वतंत्र अभिमान दिला, त्यानेच इथे एका समूहाला एकाच साच्यात घालावे, हा दोष मला अक्षम्य वाटतो. कोटाला शेवटी शेतातले बुजगावणे करण्याची कल्पना कितीही समर्पक असली तरी त्या दोषाची भरपाई होत नाही.

प्रश्न : डब्ल्यू. सी. फील्ड्स यांची कथा काही प्रतींत आहे, काहींत नाही, असे का?

उत्तर : दारूबंदीवर व्याख्यान देणाऱ्या इसमाची ती विनोदी कथा चित्रित झाली होती, परंतु प्रदर्शनापूर्वीच वगळण्यात आली. पुढे घरगुती व्हिडिओच्या आवृत्तीत ती पुन्हा जोडली गेली. प्रथमच पाहणाऱ्याने ती नसलेली प्रत पाहावी असे मी सुचवेन, कारण रॉबिन्सन यांच्या कथेनंतर लगेच तो मोकाट विनोद पचनी पडत नाही.

प्रश्न : याच पद्धतीचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत?

उत्तर : आरंभ द्यूव्हिव्हिए यांच्याच 'अँ कार्ने द बाल' या 1937 च्या फ्रेंच चित्रपटापासून करावा. त्यात एका विधवेला तरुणपणच्या नृत्यसमारंभातील जोडीदारांची नावे लिहिलेली जुनी वही सापडते आणि ती एकेकाचा शोध घेत निघते. तिथे वस्तू मालक बदलत नाही, ती फक्त वाट दाखवते. त्या चित्रपटापाठोपाठ 'मॅनहॅटन' पाहिला की दिग्दर्शकाने पाच वर्षांत केवढा पल्ला गाठला ते ध्यानात येते. 1964 चा 'द यलो रोल्स-रॉइस' हा तीन मालकांच्या मोटारीचा चित्रपट देखणा आहे, पण त्यातील मोटार आरामशीर बैठकीपलीकडे फारसे काही होत नाही. फ्रांस्वा जिरार यांचा 1998 चा 'द रेड व्हायोलिन' मात्र आवर्जून पाहावा. क्रेमोनातील कारागिराच्या हातून निघालेले वाद्य शतके आणि देश ओलांडत मॉन्ट्रियलच्या लिलावात पोहोचते, आणि जॉन कोरिग्लिआनो यांचे संगीत त्या सर्व कथांना आतून बांधून ठेवते. माक्स ओफ्युल्स यांचा 1953 चा 'मादाम द...' हा काटेकोर अर्थाने अनेक कथांचा चित्रपट नव्हे, कारण त्यातील कर्णभूषणे हातोहात फिरून पुन्हा त्याच स्त्रीकडे परततात. तरीही एकाच वस्तूचे मोल प्रत्येक हस्तांतरात कसे बदलते, हे त्याच्याइतक्या बारकाईने दाखवणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. म्हणून यादीबाहेरचा असूनही तो पाहण्याची शिफारस करतो.