नावं वाचण्याआधी

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या कॅथलिक शाळेच्या उपक्रमांची जबाबदारी यंदा तुझ्याकडे आली आहे. सकाळची प्रार्थनासभा, शाळेची मिस्सा (फादरांनी वेदीवर अर्पण करायची सामुदायिक उपासना), सेवा उपक्रम, हाऊसच्या (मुलांच्या ठरवून पाडलेल्या गटांच्या) स्पर्धा, बक्षीस समारंभ, सूचनाफलक. कागदावर ही सहा कामं दिसतात, पण मुळात काम एकच आहे: कोणतं मूल काय करतंय हे वेळेवर लक्षात येणं आणि ते चारचौघांत नीट सांगणं. खुर्च्या, माईक, पताका कुणीही बघेल.

सुरुवात वहीपासून कर. प्रत्येक वर्गशिक्षकाकडे एक जाड वही आणि तिच्यात वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एक पान. पानावर चार रकाने. पहिला, अभ्यासात कुठून कुठे आलं. दुसरा, खेळ, कला, वाचन. तिसरा, दुसऱ्यासाठी काय केलं. चौथा, हे कुणी पाहिलं. हा चौथा रकाना हमखास गाळला जातो आणि मग वर्षअखेरीला 'कुणीतरी सांगत होतं' एवढ्यावर बक्षिसं ठरतात. ग्रंथपाल, शिपाई, खेळाचे शिक्षक, बसचालक यांना वर्गशिक्षकाला कधीच न दिसणारी मुलं दिसतात. त्यांच्या हातात फॉर्म देऊ नकोस, तो कोराच परत येतो. जाऊन विचार आणि तिथेच टिपून घे.

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं, आठवड्याला पाच मुलं. चाळीसच्या वर्गात आठ आठवड्यांत एक फेरी होते. पहिल्या फेरीनंतर काही पानांवर नावाखेरीज काही नसेल. ती बहुधा मधल्या बाकांवरची मुलं असतात, कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. त्या कोऱ्या पानांची यादी करून स्वतःकडे ठेव. पुढचे दोन महिने तुझं लक्ष तिकडे हवं.

कॅथलिक शाळांमध्ये अशा नोंदी ठेवण्याची रीत जुनी आहे. संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी आपल्या ब्रदरांसाठी, म्हणजे शिकवण्याचं काम करणाऱ्या व्रतस्थांसाठी, शाळा चालवण्याची नियमावली तयार केली. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १७२० मध्ये, ती छापली गेली. शिक्षकाने वर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणदोषांची नोंद करून ठेवावी, असं तीत सांगितलं आहे. त्याच नियमावलीत मुलांकडे सोपवायच्या कामांची यादीही आहे: प्रार्थना सांगणारा, घंटा वाजवणारा, कागद वाटणारा आणि गोळा करणारा, झाडणारा, दार सांभाळणारा, किल्ली ठेवणारा. ही यादी आजही जशीच्या तशी चालते. वर्गातली कामं मोजून बघ, दहा-बारा सहज निघतात. दर चार आठवड्यांनी ती फिरव. एकाच 'जबाबदार' मुलीकडे वर्षभर हजेरीपट दिला की ती दमते आणि बाकीच्यांना आपल्यावाचून काही अडत नाही हे कळून चुकतं.

आता प्रार्थनासभा. इटलीत गरीब मुलांसाठी वसतिगृहं आणि शाळा चालवणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा लेख लिहिला. रात्री झोपण्याआधी मुलांशी दोन प्रेमाचे शब्द बोलावेत, पण ते बोलणं दोन-तीन मिनिटांपलीकडे जाऊ नये, असं त्यात बजावलं आहे. सकाळच्या सभेतल्या बोलण्यालाही हेच माप लाव. पूर्ण सभा बारा मिनिटांची असावी: प्रार्थना आणि छोटं वाचन तीन मिनिटं, बोलणं तीन, कौतुक चार, सूचना दोन. कौतुकाच्या चार मिनिटांत पाच-सहाच नावं बसतात. वीस नावं एका दमात वाचली तर पाचव्यानंतर कुणी ऐकत नाही आणि विसाव्याचा अपमान होतो. जास्त असतील तर आठवडाभर वाटून घे.

नाव कसं उच्चारायचं ते आदल्या दिवशी त्या मुलालाच विचार. वाचायच्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय केलं, किती केलं, कुणाच्या साथीने. 'चमकदार कामगिरी केली' यातून कुणाला काहीच कळत नाही. 'आंतरशालेय स्पर्धेत दोनशे मीटर धावण्यात दुसरी आली, रोज सकाळी तिच्याबरोबर आठवीच्या दोघी धावत होत्या' हे ऐकलं की त्या दोघींच्याही माना वर होतात. शिवाय जे शाळेबाहेर घडलं, म्हणजे संगीताची परीक्षा, धर्मग्रामातली (आपल्या चर्चच्या परिसरातली) गायनसेवा, घरच्या आजारी माणसाची काळजी, ते सांगण्याआधी मुलाला विचार. घरातलं आजारपण सगळ्या शाळेला कळावं असं प्रत्येकाला वाटत नाही.

शाळेच्या मिस्सेची तयारी चार आठवडे आधी सुरू कर. पहिल्या भेटीत फादरांबरोबर तारीख आणि उपासना दिनदर्शिका (चर्चचे सण, काळ आणि वाचनं देणारी) उघडून बस. त्या दिवशी कुणाचा सण आहे, कोणता काळ चालू आहे, वाचनं कोणती, हे आधी बघ. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) किंवा प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचा उपवासकाळ) वेदी फुलांनी भरून टाकायची हौस आवरावी लागते, आणि प्रायश्चित्तकाळात 'आलेलुया' गात नाहीत, हे गायनवृंदाला आधीच सांग. लहान मुलांच्या मिस्सेसाठी १९७३ मध्ये रोमहून खास मार्गदर्शिका निघाली आहे. वाचनं मुलांना झेपणारी नसतील तर ती कमी करता येतात, मात्र शुभवर्तमानाचं (येशूच्या जीवनाविषयीच्या ग्रंथांतलं) वाचन कधीही गाळायचं नाही, असं ती सांगते. फादरांना ही सवलत माहीत असतेच, पण तू विचारलंस तर निर्णय लवकर होतो.

वाचक निवडताना सर्वात मोठी चूक होते. वक्तृत्वात पहिला आलेला विद्यार्थी वेदीजवळ उभा केला जातो आणि तो बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वाचन हातवारे करत सादर करतो. इथे गोष्ट ऐकू यायला हवी, वाचक दिसायला नको. सावकाश आणि स्पष्ट वाचणारं, थोडं बुजरं मूल चालतं, उलट तेच बरं. तीन सराव घे: पहिला वर्गात अर्थ समजावून, दुसरा रिकाम्या चर्चमध्ये माईकशिवाय, तिसरा माईकवर. माईकची उंची सर्वात लहान आणि सर्वात उंच वाचकासाठी लावून बघ. वाचन मोबाईलवरून नको, वाचनग्रंथातून. पान आधी उघडून फीत लावलेली असू दे.

विश्वासूंच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सेत सगळ्यांच्या वतीने केलेली मागणी, मुलांनी स्वतः लिहाव्यात. चार ते सहा पुरे, आणि क्रम ठरलेला आहे: ख्रिस्तसभेसाठी (सर्व ख्रिस्ती श्रद्धावंतांचा समाज, चर्च), जगासाठी आणि जगाचा कारभार पाहणाऱ्यांसाठी, दुःखात असलेल्यांसाठी, आणि आपल्या इथल्या समुदायासाठी. प्रत्येक प्रार्थना दोन ओळींची. मुलं बहुतेकदा देवाला बातम्या सांगू लागतात. त्यातली बातमी काढून मागणं तेवढं ठेव. मिस्सेच्या शेवटी बक्षिसं वाटायचा मोह शाळांना फार होतो, कारण सगळे जमलेलेच असतात. तो टाळ. सूचनांच्या वेळी एक वाक्याचं अभिनंदन पुरे, बाकी सभागृहात.

तुझ्या वर्गांत सगळी मुलं कॅथलिक नसतील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ मध्ये शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात इतर धर्मांची मुलं शिकतात अशा कॅथलिक शाळा ख्रिस्तसभेला फार प्रिय असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा ही मुलं आपली पाहुणी नाहीत. पण ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत कॅथलिकांना दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या) वेळी ऐनवेळी गोंधळ होतो. रांग पुढे सरकते, मुलाला काय करावं कळत नाही आणि कुणीतरी दंडाला धरून त्याला मागे ओढतं. आदल्या दिवशीच वर्गात साध्या शब्दांत सांग: ख्रिस्तप्रसाद घेणारे पुढे जातील, बाकीचे जागेवर शांत बसतील. काही ठिकाणी हात छातीवर दुमडून आशीर्वाद घ्यायला पुढे जातात, तुमच्या फादरांची पद्धत कोणती ते विचारून घे. गायन, वाद्यं, स्वागत, सजावट, जागा लावणं ही कामं या मुलांना आवर्जून दे. मात्र कुणावर प्रार्थना म्हणायची सक्ती नको आणि मिस्सेची हजेरी हाऊसच्या गुणांना जोडणं तर मुळीच नको.

हाऊसबद्दल थोडक्यात. भावंडं एकाच हाऊसमध्ये, प्रत्येक हाऊसमध्ये सगळ्या इयत्ता, आणि निम्मे गुण भाग घेण्याला. सगळे गुण जिंकण्याला दिले की वर्षाच्या मध्यावर तिसरं आणि चौथं हाऊस खेळणं सोडून देतं.

सेवा उपक्रमात घोटाळा होतो तो तासांमुळे. 'वर्षाला वीस तास' म्हटलं की मुलं घड्याळाकडे बघत सेवा करतात आणि पालक सही करून मोकळे होतात. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं. आपल्या शिक्षणातून 'इतरांसाठी जगणारी माणसं' घडायला हवीत, असा त्याचा आशय होता. त्या काळी ते अनेकांना झोंबलं होतं. तासांच्या तक्त्यातून अशी माणसं घडत नाहीत. एकच ठिकाण निवड आणि वर्षभर तिथेच जा. आधी एकटं जाऊन त्यांना काय हवंय ते विचार. वृद्धाश्रमाला बहुतेकदा नाचगाण्याचा कार्यक्रम नको असतो, पत्र वाचून दाखवणारं कुणी हवं असतं. आठ ते दहा मुलांची तुकडी, सोबत कायम दोन मोठी माणसं, आणि कोणतंही मूल बंद खोलीत कुणा एका प्रौढाबरोबर एकटं नाही. परत आल्यावर वीस मिनिटं गोल बसून दोन प्रश्न: आज कुणाचं नाव कळलं? पुढच्या वेळी काय वेगळं करायचं? ज्यांची सेवा केली त्यांचे फोटो फलकावर लावायचे नाहीत. त्यांनी होकार दिला तरी मला ते पटत नाही. समोर मदत घेऊन उभ्या असलेल्या मुलांना नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी दिलेला तो होकार असतो.

आता बक्षीस समारंभ. त्याआधी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय पुन्हा वाच. त्यात मालक तीन दासांना पाच, दोन आणि एक 'टॅलंट' देतो. टॅलंट हे मुळात पैसा मोजण्याचं वजन. अंगच्या गुणाला 'टॅलंट' म्हणायची रीत या बोधकथेवरूनच पडली. पाचाचे दहा करणाऱ्याला मालक जे शब्द बोलतो, तेच शब्द तो दोनाचे चार करणाऱ्यालाही बोलतो. अक्षरशः तेच. आणि त्याच अध्यायात, थोडं पुढे, भुकेल्याला अन्न देण्याचा आणि आजाऱ्याला भेटण्याचा हिशोब येतो. गुणवत्ता आणि सेवा यांचे दोन वेगळे समारंभ करावेत का, असा प्रश्न समितीत निघाला तर हा अध्याय पुढे ठेव.

दोनाचे चार ओळखायचे तर सुरुवातीचा आकडा हवा. म्हणून पहिल्या महिन्यातली एक उत्तरपत्रिका, एक निबंध, धावण्याची एक वेळ जपून ठेव. वर्षअखेरीला त्याशेजारी आजचं काम ठेव. पण 'सर्वाधिक सुधारणा' असं नाव बक्षिसाला देऊ नकोस. आधी मूल किती मागे होतं हेच त्यातून जाहीर होतं. केलेलं काम सांग: 'वर्षभरात सलग लिहायला शिकला, शेवटचा निबंध चार पानांचा.'

निबंध, कविता, चित्र यांच्या स्पर्धांना परीक्षक तीन असावेत आणि त्यांना नाव दिसू नये. जेझुइटांच्या १५९९ च्या अभ्यासनियमावलीत याची पद्धत दिली आहे. विद्यार्थी आपल्या लेखनावर एक खूण करतो, नाव लिहीत नाही. दुसऱ्या कागदावर तीच खूण आणि नाव लिहून कागद दुमडून देतो. निकाल ठरल्यावरच हा दुसरा कागद उघडायचा. चारशे वर्षांत यापेक्षा स्वस्त आणि सचोटीची युक्ती कुणाला सुचलेली नाही. अक्षर ओळखू येईल अशी शंका असेल तर लेखन टाइप करून घे.

यादी पंधरा दिवस आधी पक्की कर आणि तीन वेळा तपास: एकदा वर्गशिक्षकाने, एकदा कार्यालयाने शाळेच्या दाखल्यावरील नावाप्रमाणे, एकदा मुलाने स्वतः. प्रमाणपत्रं यादीच्या क्रमाने लावून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने अनुक्रमांक घाल. व्यासपीठावर दोघांनी प्रमाणपत्रं पुढे सरकवायची आणि एकाने गैरहजरांची वेगळी काढायची. एका मुलाला वर येऊन खाली जायला वीस सेकंद धर, म्हणजे नव्वद मुलांना अर्धा तास. हा हिशोब पाहुण्यांना भाषणाआधी सांग. फोटो फलकावर लावण्यासाठी पालकांची लेखी परवानगी वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेव. ज्यांची नसेल त्यांची नावं छायाचित्रकाराच्या खिशात हवीत.

एवढं करूनही एखादं नाव सुटेल. पालक चिडून येतील तेव्हा कारणं देत बसू नकोस. वही उघड, नोंद असेल तर चूक मान्य कर आणि दुसऱ्याच दिवशी सभेत ते नाव पूर्ण वाक्यासकट वाच. 'काल राहून गेलं' एवढं म्हटलं तरी चालतं. नोंदच नसेल तर पालकांकडून ऐकून घेऊन त्यांच्यासमोर लिही.

समारंभानंतरच्या आठवड्यात तीन कामं उरतात. गैरहजर मुलांची प्रमाणपत्रं वर्गात, सगळ्यांसमोर द्यायची, शिपायाकरवी पाठवायची नाहीत. फलकावरचे फोटो काढून ज्याचे त्याला द्यायचे. आणि वह्या पुढच्या वर्गशिक्षकांकडे सोपवायच्या, कोऱ्या राहिलेल्या पानांवर खुणेची चिठ्ठी लावून.

कळावे, लोभ असावा.