बाप्तिस्म्याचा दिवस तारखेने धरावा की सणाने?

ताई, ३१ मार्च २०२४ रोजी, ईस्टरच्या सकाळी, वयाच्या ३४व्या वर्षी लातूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुमचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झाला. त्याचे स्मरण दरवर्षी करावे का, केल्यास कोणत्या दिवशी, आणि ज्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही त्या माहेरच्या माणसांना बोलवावे का, असे तुम्ही विचारले आहे. यजमानांची इच्छा हॉल घेऊन केक कापण्याची आहे, असेही तुम्ही लिहिता. माझा बाप्तिस्मा जालन्यात ३१व्या वर्षी झाला आणि त्याला आता १९ वर्षे होत आली. चुकतमाकत जे कळले, तेवढेच सांगतो.

स्मरण अवश्य करावे. तुमच्या मंडळीतील जुन्या कुटुंबांना याचे नवल वाटले, तर त्यात तुमची चूक नाही आणि त्यांचीही नाही. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ सालचा, म्हणजे प्रौढ वयातील बाप्तिस्मा आपल्या भागाला काल-परवा कळलेला नाही. मात्र तीन-चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांत बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असतो. त्यांची ती तारीख मंडळीच्या रजिस्टरात असते, त्यांच्या आठवणीत नसते. आपल्याला पाण्याचा गारवासुद्धा आठवतो. त्यामुळे हा दिवस पाळण्याची तयार रीत मंडळीत सापडली नाही, तर ती आपणच घरात घालून घ्यायची.

दिवसाचा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला तिथी आणि तारीख म्हटले की चटकन समजतो. ईस्टर चंद्राच्या गतीवर ठरतो, म्हणून तो सरकतो. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता आणि तुमचा ३१ मार्च लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात पडला. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे ३१ मार्च हा ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारानंतरचा मंगळवार, ख्रिस्ताच्या यातना आठवण्याच्या ऐन दुःखसहनाच्या आठवड्यातला. मंडळी गुड फ्रायडेच्या तयारीत असताना तुमच्या घरी पंगत बसलेली बरी दिसणार नाही. माझे मत असे, की दोन्ही दिवस पाळावेत, पण वेगवेगळ्या रीतीने. तारखेला घरातल्या घरात, दिवेलागणीनंतर, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) विचारलेले प्रश्न आणि तुम्ही दिलेली उत्तरे पुन्हा मोठ्याने वाचावीत आणि प्रार्थना करावी. आनंद, गाणी आणि जेवण ईस्टरच्या आठवड्यासाठी राखून ठेवावे. शिवजयंतीच्या वादाइतका हा वाद आपण पेटवू नये, एवढेच!

वचने पुन्हा उच्चारणे आणि पुन्हा बाप्तिस्मा घेणे यांत मात्र गल्लत होऊ देऊ नका. वर्षदिनी पुन्हा पाण्यात उतरवणारे उपदेशक मी पाहिले आहेत आणि उत्साहाच्या भरात माणसे तयारही होतात. बायबलातील इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रभू एकच, विश्वास एकच आणि बाप्तिस्माही एकच असे म्हटले आहे, आणि निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या जुन्या कबुलीतही आपण एकाच बाप्तिस्म्याची कबुली देतो. जे एकदा पुरे झाले, त्याची आठवण करायची असते.

केकविषयी माझी हरकत सौम्य आहे. तुम्हाला बाप्तिस्म्याच्या वेळी पेटती मेणबत्ती हातात दिली होती, असे तुम्हीच लिहिले आहे. त्याच दिवसाच्या आठवणीला मेणबत्ती फुंकून विझवणे मला विचित्र वाटते. ती जुनी मेणबत्ती जपून ठेवली असेल, तर तारखेच्या संध्याकाळी पाच मिनिटे पेटवा. जेवणाला मात्र शास्त्राचा भक्कम आधार आहे. बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा मध्यरात्रीनंतर झाला आणि लगेच त्याने फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौल व सीला या ख्रिस्ताच्या प्रचारकांना घरी नेऊन जेवू घातले. ज्यांच्या जखमा त्याने नुकत्याच धुतल्या होत्या, त्यांनाच त्याने पान वाढले. हॉलचा खर्च वाचवून ज्यांनी तुम्हाला बाप्तिस्म्याआधी शिकवण दिली, जे साक्षीदार म्हणून उभे राहिले, त्यांना घरी जेवायला बोलवावे. रविवारच्या उपासनेत उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानणाऱ्या दानाचे पाकीट टाकले, की झाले.

माहेरचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि तेथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिल्या वर्षदिनी मित्रांच्या आग्रहाने मी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. माझा फोटो, खाली ‘नवा जन्म’ अशी मोठी अक्षरे. ज्या आईने मला खरोखर जन्म दिला, ती त्याच गल्लीत राहत होती. ती काही बोलली नाही. दोन महिने घरी आली नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी ती बातमी आघात होती, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो काही वर्षांनंतर. एकाच घरात एकाच तारखेचे दोन अर्थ असू शकतात, हे मला फ्लेक्स उतरवताना समजले.

म्हणून माहेरच्यांना बोलवा, पण प्रार्थनेला नव्हे, जेवणाला बोलवा. प्रार्थनेला बसायचे की नाही, हे त्यांच्यावर सोडा. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगायची झाल्यास ख्रिस्ताने तुम्हाला काय दिले ते सांगा. पूर्वीच्या देवघराला नावे ठेवून साक्ष रंगवू नका, कारण त्या देवघरापुढे हात जोडणारी माणसे समोर बसलेली असतात. जन्मदिवसही पूर्वीसारखाच साजरा करा. नवा दिवस मिळाला म्हणून जुना खोडावा लागत नाही.

माझी आई चौथ्या वर्षी आली. मी बोलावले होते, येईल असे वाटले नव्हते. हातात स्टीलचा डबा, त्यात येसर आमटी, वरून फडके घट्ट बांधलेले. ती आत आली नाही, ओट्यावरच बसून राहिली. आत पेटी वाजत होती, शेवटचे गीत जरा लांबले. गीत थांबताच तिने दारातून डोकावून विचारले, “झालं का तुमचं? आमटी निवायली.” पाळकसाहेबांनी आशीर्वाद आटोपता घेतला आणि आम्ही ताटे मांडली.

२०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे तुमची ३१ तारीख त्याच आठवड्यातल्या बुधवारी येते. त्या वर्षी तारीख आणि सण जवळजवळ एकत्र येत असल्याने सर्वांना एकाच वेळी बोलावता येईल. यजमानांना तोवर धीर धरायला सांगा.