प्रोजेक्टाइलची (हवेत फेकलेल्या वस्तूच्या गतीची) सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी गणितं चुकतात. अजून कोणती पाठ करू? (अकरावी, नागपूर)

एकही नको. उलट रेंजचं, म्हणजे वस्तू किती लांब पडेल त्याचं, सूत्र काही दिवस वहीतून खोडूनच टाक. वेग आडव्या-उभ्यात फोडणं तुला येत असणार, त्यावर वेळ घालवत नाही.

हे गणित घे. मनीषनगरातल्या एखाद्या फ्लॅट स्कीमची गच्ची, जमिनीपासून १५ मीटर उंच. तिथून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं, आडव्याच्या वर ३० अंशांत फेकला. जी (गुरुत्वाचं त्वरण) १० धर. किती लांब पडेल? पाठांतरवाला 'यू वर्ग साइन टू थीटा भागिले जी' लावतो आणि ३४.६ मीटर काढून मोकळा होतो. पर्यायांत ३४.६ असतंही, पेपर काढणारा दूधखुळा नसतो. खरं उत्तर ५२ मीटर. ते सूत्र, चेंडू फेकला त्याच पातळीवर परत येतो असं धरून काढलेलं आहे. इथे २ सेकंदांनी तो गच्चीच्या पातळीला येतो आणि तसाच पुढे खाली जातो.

आता सरळ सोडव. शून्यबिंदू गच्चीवर, वरची दिशा धन. उभा वेग २० साइन ३० म्हणजे १०, आडवा २० कॉस ३० म्हणजे १७.३, जमीन −१५ वर. टी सेकंदांनंतरची उंची म्हणजे उभा वेग गुणिले टी, उणे अर्धा जी गुणिले टी². म्हणून −१५ = १०टी − ५टी², म्हणजेच टी² − २टी − ३ = ०. टी = ३ (−१ सोडून दे, तेव्हा चेंडू फेकलेलाच नव्हता). १७.३ गुणिले ३, झाले ५२. पडताळा तोंडी होतो: १ सेकंदात ५ मीटर वर, मग २० मीटर खाली यायला २ सेकंद.

खरा घोळ चिन्हांत होतो. १५ चा उणे विसरलास तर वर्गमुळाखाली −८ येतं. गणित चिडलेलं नसतं. चेंडू गच्चीच्या वर १५ मीटर कधी पोचतच नाही, एवढंच ते सांगतं. सगळीकडेच अधिक लिहिलंस तर टी = १ येतं, आणि हे जास्त वाईट, कारण उत्तर शहाण्यासारखं दिसतं. ते चेंडू ३० अंश खाली रोखून फेकल्याचं उत्तर आहे.

'४५ अंशांना सगळ्यात लांब' हेही गच्चीवर चालत नाही. हाच चेंडू ४५ ला ५१.६ मीटरवर पडतो, म्हणजे ३० अंशांच्याही अलीकडे. सगळ्यात लांब जातो तो साधारण ३७ अंशांना, ५२.९ मीटर.

यावर क्लासवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: सीईटीत ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, मुळापासून सोडवायला वेळ कुठाय? अहो, वरचं गणित चार ओळींचं आहे! धरमपेठ असो की नंदनवन, फळ्यावर चौकटीत सूत्र लिहून देणं शिकवण्यापेक्षा सोपं पडतं, म्हणून हा युक्तिवाद.

हां, फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल तर रेंजचं सूत्र बिनधास्त लाव. हवेचा रोध या सगळ्यात धरलेला नाही. जामठ्याच्या मैदानावर खरा चेंडू याहून अलीकडे पडेल. आणि जी ९.८ दिला असेल तर वेळ ३.०५ सेकंद, अंतर ५२.८ मीटर येतं. पर्याय जवळजवळचे असतील तर १० धरू नको.